बांधावरची पिढी

माझे गाव राळेगणसिद्धी. पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणच्या फाट्याला उतरायचे आणि आत वळायचे. गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस लगेच अण्णा हजारे यांचे नाव घेतो, आणि मग पाण्याच्या गोष्टी निघतात. १९७५ साली फौजेतून परत आलेल्या अण्णांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्यानाल्यांना बांध घातले, पाणी अडवले, जिरवले. ही हकीकत आता महाराष्ट्राला नवी नाही. ती मी आज सांगत नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका बांधाविषयी. त्या बांधावर मी आणि माझ्या वयाची माणसे लहानपणापासून उभी आहोत. पण आपण बांधावर उभे आहोत, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

माझा जन्म १९८० च्या आगेमागे झाला. म्हणजे असे पाहा, माझे एक चुलते फौजेत होते, त्यांची पत्रे आंतरदेशीय निळ्या कागदावर यायची आणि पत्त्यात गावाच्या नावाऐवजी ‘५६ ए.पी.ओ.’ एवढेच असायचे. ती पत्रे आजीला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. दुसरी-तिसरीतले पोर मी. पण आळीतल्या आणखी दोन घरांची पत्रेही माझ्याकडेच येत. कुणाच्या घरी किती पैसे आले, कुणाचे कुणाशी बिनसले, सगळे मला ठाऊक. आजीने मला पहिल्याच दिवशी बजावले होते, “वाचायचं आन् इसरायचं. दुसऱ्याचं पत्र पोटात ठेवायचं आसतं.” पुढे एम.ए.पर्यंत शिकलो, पण वाचनाविषयीचा याहून मोलाचा धडा मला कुणी दिला नाही.

घरात एक रेडिओ होता. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून बातम्या लागत, त्या वेळी वडील दाढी करीत. शेजारच्या एका घरी फोन आला, तेव्हा मी हायस्कुलात होतो. ‘फोन आलाय’ अशी हाक आली की हातातले काम टाकून पळायचे. १९९५ साली देशात मोबाइल फोन आणि इंटरनेट सुरू झाले, ते मी वर्तमानपत्रात वाचले. आणि माझ्या स्वतःच्या हातात मोबाइल आला, तेव्हा मी कॉलेजात शिकवू लागलो होतो. सारांश काय, की माझे बालपण शाईच्या दौतीत गेले आणि नोकरी पडद्यापुढे चालली आहे. माझ्या वडिलांना दुसरे जग परके होते, माझ्या विद्यार्थ्यांना पहिले जग परके आहे. दोन्हींची बोली येणारे आम्हीच.

आता तुम्ही म्हणाल, या दोन जगांत फरक तो काय? जुने यंत्र मोठे होते, नवे लहान आहे, एवढेच ना? तसे नाही. जुन्या रेडिओचा काटा तुम्ही फिरवला असेल तर आठवून पाहा. पुणे केंद्र एकदम लागत नसे. आधी खरखर, मग दूरवरचा अस्पष्ट आवाज, मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मग निवेदकाचा स्वच्छ आवाज. नेमकी जागा साधली नाही तरी थोडेफार ऐकू यायचेच. याला ॲनालॉग पद्धत म्हणतात. आवाज जसा चढतो-उतरतो तशीच यंत्रातली वीज चढते-उतरते; एकाची नक्कल दुसरे करते. नवी डिजिटल पद्धत सगळ्याचे अंक करते, शून्य आणि एक, या दोनच अंकांत. तिथे ‘जवळपास’ नावाची गोष्ट नाही. बँकेचा गुप्त अंक एका आकड्याने चुकला तर यंत्र ‘थोडे बरोबर आहे’ असे म्हणत नाही. ते सरळ ‘नाही’ म्हणते. आणि तीन-चार वेळा चुकलात तर दारच लावून घेते.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरातली वडील माणसे मोबाइलला भितात, ती बुद्धी कमी म्हणून भीत नाहीत. चुकतमाकत जवळ जायचे, हात बसवायचा, ही त्यांची आयुष्यभराची शिकण्याची रीत आहे. पाभर धरायला ती तशीच शिकली, भाकरी थापायला तशीच शिकली. नवे यंत्र त्यांना चुकायची सवडच देत नाही. आम्हालाही ते भय ठाऊक आहे, कारण आमचाही हात आधी रेडिओच्या काट्यावरच बसलेला आहे. नव्या पोरांना ते ठाऊक नाही. म्हणून म्हातारी माणसे अडली की पोरे चिडतात, आणि आम्ही... आम्ही काय करतो ते पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अशी बांधावरची पिढी पहिल्यांदाच झाली, असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे. पाठोपाठ १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आणि क्विंटल येऊ लागले. त्या काळी आठवडे बाजारात पावकी-निमकी पाठ असलेली कर्ती माणसे आणि शाळेत नवा हिशेब शिकलेली पोरे समोरासमोर आली असतील. मधल्या वयाच्या ज्या माणसाला दोन्ही हिशेब येत, त्याच्याभोवती गर्दी जमली असेल. आणे गेले, पण शब्द मात्र टिकला. सरकारी कागदात पिकाची ‘पैसेवारी’ निघते. ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईचा विचार होतो. आमच्या पारावर मात्र आजही माणसे विचारतात, “औंदा आणेवारी किती लागली?”

दुसरा दाखला याहून कठीण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातले कितीतरी दप्तर मोडी लिपीत लिहिले जात होते. मोडी आणि बाळबोध दोन्ही येणारी माणसे तेव्हा गावोगावी होती. त्यांनी आपापल्यापुरती कामे उरकली. पुढच्यांना मोडी शिकवावी, असे फार थोड्यांना वाटले. ती माणसे गेली आणि दप्तरे मुकी झाली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले, तेव्हा मोडी वाचणारा माणूस शोधावा लागत होता. कागद शाबूत, अक्षर शाबूत, पण वाचणारा नाही. बांधावरची पिढी आपले काम न करता निघून गेली की काय होते, ते यात दिसते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच हा विषय मी घेतला आहे.

सात-बारा म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको; पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या हक्काची, आणि गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय. हे दोन्ही मिळून सात-बारा. पूर्वी तलाठीभाऊसाहेब ही पिकांची नोंद हाताने करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर गट नंबर निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचे, वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, ही कल्पना मला पहिल्यापासून पटली.

वडिलांच्या मागे आमची जमीन आईच्या नावावर आहे. आई चौथी शिकलेली. मी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गावी जातो. पहिल्या वर्षापासून आईची पीक पाहणी मीच करीत आलो. तिच्या हातातला फोन घ्यायचा, “आण इकडे, मी करतो,” असे म्हणायचे आणि दहा मिनिटांत मोकळे व्हायचे. बँकेचे कामही तसेच. बँकेचा गुप्त अंक तिच्या फोनवर यायचा आणि ती नगरला फोन करून तो मला एकेक आकडा करून वाचून दाखवायची. मला याचे थोडे कौतुकही वाटत असे. लहानपणी आजीची पत्रे वाचली, आता आईचा फोन चालवतो. घरातला वाचणारा मी तो मीच!

तीन वर्षांपूर्वीच्या खरिपात परीक्षेच्या कामात मी अडकलो. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असे करता करता पीक पाहणीची मुदत टळून गेली. वावरात कांदा उभा होता आणि बाराच्या उताऱ्यावर त्याचा पत्ता नव्हता. ऑक्टोबरात पावसाने गाठले. वाफ्यात पाणी साचून कांदा सडला. नुकसानीच्या अर्जाबरोबर उतारा जोडायचा होता, आणि उताऱ्यावर पीकपेराच नाही! आता दोष कुणाला द्यायचा? कायद्याचा दोष नव्हता, भाऊसाहेबांचा नव्हता. दोष माझा होता.

मी आईपुढे मान खाली घालून बसलो. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती नुसती म्हणाली, “आरं, वावरात रोज मी असते. तू नगरला. मला दाखवलं आसतंस तर मीच केलं नसतं का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वीस वर्षे मी शिकवण्याचा पगार घेतो. आणि घरात शिकवण्याची वेळ आली तेव्हा मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. कारण शिकवायला तीन रविवार लागले असते, आणि करून टाकायला दहा मिनिटे.

ते तीन रविवार मग मी दिले. खरे सांगतो, तीनही पुरले नाहीत. पहिल्या दिवशी आईने काढलेल्या फोटोत बांधावरचा लिंब आला, पीक कुठेच नव्हते. पडद्यावर बोट जोरात दाबायचे की हलके टेकवायचे, हेच आधी बसेना. पण तिने एक युक्ती केली. माझ्या मुलीची जुनी वही घेतली आणि तिच्यात आपल्या अक्षरात पायऱ्या लिहून काढल्या. खुणांना नावे दिली तीही आपलीच. एक ‘बाणाची खूण’, एक ‘चाकाची खूण’. चुकले की खोडायचे, पुन्हा लिहायचे. ज्या यंत्रात चुकायला जागा नाही, त्याच्यासाठी चुकायची जागा तिने वहीत केली. पुढच्या हंगामात पीक पाहणी तिने स्वतः केली आणि मला फोनवर नुसते कळवले. बँकेचा गुप्त अंक आता ती मलाही सांगत नाही. “कुणाला सांगू नका म्हणून त्येच्यातच लिव्हलंय,” असे ती मला ऐकवते.

यात एक धोका होता, तो तेव्हा मला दिसला. आईला मी काय सवय लावली होती? अंक आला की फोनवरच्या माणसाला सांगायचा. आज त्या फोनवर मुलगा आहे. उद्या बँकेचे नाव सांगणारा एखादा भामटा असेल. सवयीला माणूस ओळखता येत नाही. म्हाताऱ्या माणसांची फसवणूक झाली की आपण म्हणतो, त्यांना कळत नाही. अहो, दुसऱ्याच्या हाती आपली किल्ली द्यायला त्यांना शिकवले कुणी? आम्हीच ना? तेही प्रेमापोटी.

आणि प्रश्न फसवणुकीपुरताच नाही, हक्काचाही आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने २००२ साली केला, देशासाठी तो २००५ साली झाला. त्यासाठी जी चळवळ झाली तिच्यात माझ्या गावाचे नाव पुढे होते. कपाटातला कागद माणसाला बघायला मिळाला पाहिजे, हा त्या चळवळीचा मुद्दा. आज कागद कपाटातून बाहेर आला आहे. डिजिटल सहीचा सात-बारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. ‘आधार’चा तर देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. हे सगळे चांगले झाले. पण कागद उघडण्याची किल्ली मुलाच्या खिशात आणि मुलगा शहरात, असे असेल तर ज्याच्या नावाचा कागद त्याच्या हाती काय उरले?

बरे, हा व्यवहार एकतर्फी नाही. माझ्या वर्गात मी एकदा विचारले, “आपल्या घरचा सात-बारा मोबाइलवर कुणी काढला आहे?” बरेच हात वर आले. “त्यात पोटखराबा म्हणजे काय?” सगळे हात खाली. उतारा काढता येतो, वाचता येत नाही. माझ्या आईला तो कालपर्यंत काढता येत नव्हता. पण पोटखराबा किती, गटातला आपला हिस्सा कुठल्या बाभळीपासून कुठल्या विहिरीपर्यंत, हे तिला अंधारातही सांगता येते. तिच्याजवळ जमिनीचे ज्ञान आहे, पोरांजवळ यंत्राचे. मध्ये उभे राहून दोघांची गाठ घालून देईल असा माणूस हवा.

आता उपाय काय? उपाय मला आकाशवाणीच्याच जुन्या इतिहासात सापडला, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे काढली. एकेका मंडळात वीसेक माणसे. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम. माणसांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या आणि जमेल ते गावात करून पाहायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. मंडळे असलेली गावे, नुसताच रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे अशी तुलना करून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ होता तिथे ती फारच थोडी होती. १९५९ पासून अशी मंडळे देशभर काढण्यात आली.

यातले मर्म लक्षात घ्या. यंत्र दोन्हीकडे तेच होते, आवाजही तोच. फरक पडला तो भोवती बसलेल्या माणसांमुळे. एकाला न कळलेले दुसऱ्याने विचारले, आणि विचारण्याची लाज गेली. आज रेडिओपेक्षा शंभरपट शहाणे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि प्रत्येक जण आपापल्या अज्ञानाशी एकटा बसलेला आहे.

मग तेच पुन्हा का करू नये? देवळाच्या ओसरीवर, शाळेच्या वर्गात, नाहीतर कुणाच्याही अंगणात, आठवड्यातून एक संध्याकाळ. दहा-बारा वडील माणसे, त्यांचे स्वतःचे फोन, हातात वही-पेन्सिल. शिकवणारा आमच्या वयाचा एक, जोडीला कॉलेजातले एखादे पोर. नियम एकच, शिकवणाऱ्याने दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचे, बोट त्यांचे चालू द्यायचे. ज्या दिवशी सात-बारा उघडेल त्या दिवशी त्यातला एकेक रकाना म्हाताऱ्यांनी पोरांना समजावून द्यायचा. आमच्या घरी याची सुरुवात आपसूकच झाली. आईची वही बघून आधी जाऊबाई आल्या, मग शेजारच्या दोघी आल्या. मी तिथे नव्हतो. शिकवणारी आई होती.

माझ्या गावाने पाणी अडवले ते श्रमदानाने. एकट्याच्या वावरातला बांध एकट्यापुरताच पुरतो. ओढ्यावरचा बांध सगळ्यांनी मिळून घातला तेव्हा विहिरींना पाणी आले. ही गोष्ट आम्हा राळेगणकरांना तरी कुणी शिकवायला नको. जे मातीच्या बाबतीत कळले ते मोबाइलच्या बाबतीत कळायला मात्र मला माझ्या आईचे एक पीक घालवावे लागले.

आमच्या वयाच्या वाचकांना शेवटी एवढेच सांगणे आहे. शाईची दौत आणि पडदा दोन्ही पाहिलेली माणसे आणखी तीस-चाळीस वर्षे असतील. त्यानंतर हा बांध राहणार नाही. मोडी जाणणारे गेले तसे आपणही जाऊ. तोवर येत्या सुट्टीला गावी जाल तेव्हा आईच्या किंवा वडिलांच्या हातातला फोन काढून घेऊ नका. शेजारी बसा. वेळ लागेल, तो लागू द्या.